हाताला काम, माणसाला मोल

‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक मुलाला विचारला जातो. पाहुणे विचारतात, धर्मगुरू विचारतात, रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात भेटणारी मंडळी विचारतात. परंतु ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेले मूल आहे, तेथे हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तेथे आई-वडील रात्री दिवा मालवल्यावर एकमेकांना निराळाच प्रश्न विचारतात : ‘आपल्यामागे याचे काय होणार?’ या दोन प्रश्नांत व्याकरणाचा एक लहानसा फरक आहे. पहिल्यात मूल कर्ता आहे. दुसऱ्यात ते काही करणार नाही. त्याचे काहीतरी होणार आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा सारा नैतिक प्रश्न या फरकात सामावलेला आहे, असे आम्हांला वाटते.

परभणी जिल्ह्यातील एखाद्या घराचे चित्र आपण डोळ्यांपुढे आणू या. सेलू किंवा जिंतूरच्या बाजूचे गाव, दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, तीत कापूस, सोयाबीन आणि तूर. घरात सोळा वर्षांचा मुलगा. अंगाने धडधाकट, समजेने लहान. गाव त्याच्याशी वाईट वागत नाही. ‘देवाचं लेकरू’ म्हणून कोणी त्याला चहा पाजते, कोणी हातावर दहा रुपये ठेवते. आई त्याला आंघोळ घालते आणि सदऱ्याची बटणे लावते. या सर्वांत माया आहे, हे कोण नाकारील? परंतु सोळा वर्षांत त्याला बटण लावावयास कोणी शिकविले नाही. शिकविण्यास सहा महिने लागतात, लावून देण्यास अर्धे मिनिट पुरते. वेचणीचे दिवस असले की ते अर्धे मिनिटच आईजवळ असते. तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि दयेने दिलेल्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाबरोबर त्या मुलाच्या हातून काहीतरी काढून घेतले जात असते, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नावर विचार करणारी माणसे फार पूर्वीच पुढे आली. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून एक शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. १९६४ मध्ये पुण्यात सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ची स्थापना केली. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या हाती भिक्षापात्राऐवजी कुदळ दिली, आणि पुढे तेथेच अंध, मूकबधिर व अपंग तरुणांना व्यवसाय शिकविणारे ‘संधीनिकेतन’ उभे राहिले. या कामांची वाट वेगवेगळी, परंतु त्यांमागील धारणा एकच : माणसाला केवळ पोसून भागत नाही, त्याला कामास लावणे हाही त्याचा आदरच होय.

कायदाही मागून आला. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा तीनवरून चार टक्क्यांवर नेल्या. त्यांत बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांचा प्रथमच समावेश झाला. तरीही कागद आणि जमीन यांत अंतर आहेच. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी काम करणारे सुमारे ३६ टक्के होते. स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण अवघे २३ टक्के होते.

अशा मुलांना काम शिकवितात कसे? ज्यांनी हे वर्ग पाहिले नाहीत, त्यांना ते जादूसारखे वाटते; प्रत्यक्षात ती धीराची विद्या आहे. कोणतेही काम घेऊन त्याचे लहान लहान तुकडे पाडावयाचे. आपल्या दृष्टीने चहा करणे हे एक काम. शिक्षिकेच्या दृष्टीने ती वीस पायऱ्यांची चढण असते. भांडे ओळखणे, कपाने पाणी मोजणे, गॅस पेटविणे, उकळी ओळखणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे गॅस बंद केला की नाही हे पुन्हा पाहणे. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवितात. एकोणीस पायऱ्या शिक्षिका स्वतः करते, आणि कपात चहा ओतण्याचे विसावे काम मुलाकडे देते. त्यामुळे काम ‘पुरे केले’ हा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकोणिसावी पायरी, मग अठरावी. अपयशाने सुरुवात करून यशाकडे जाण्याची आपली रीत येथे उलटी केलेली असते.

शिवाय नोकरीपूर्वी जगणे शिकवावे लागते. नोटा ओळखणे, एस.टी.च्या पाटीवरील आपल्या गावाचे नाव ओळखणे, वेळेवर उठणे, अनोळखी माणसाने जवळ घेतले तर ‘नाही’ म्हणणे. हा शेवटचा धडा मुलींना आणि मुलांनाही सारखाच द्यावा लागतो. आयुष्यभर केवळ ‘ऐक’ एवढेच शिकविलेले मूल वाईट माणसाचेही ऐकते. आज्ञाधारकपणाचे आपण फार कौतुक करतो; या मुलांच्या बाबतीत ते कौतुक धोक्याचे आहे.

आता एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘रोजगारक्षम’ हा शब्द जर शिक्षणाचे माप झाला, तर ज्यांच्या हातून कधीच मिळकत होणार नाही त्यांचे काय? जे मूल अंथरुणातून उठू शकत नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याच्या शिक्षणावर खर्च केलेले पैसे वाया गेले असे मानावयाचे काय? दया माणसाला निरुपयोगी ठरवून त्याच्यावर प्रेम करते. बाजार माणसाला उपयोगी ठरवून त्याची किंमत करतो. दोहोंचा पाया एकच आहे : माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरते, ही समजूत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्र लिहिले, त्यात अपंग व्यक्तींच्या कामाविषयी एक स्वतंत्र परिच्छेद आहे. त्या परिपत्राचा एकूण रोख असा, की श्रमाचे मोल काय तयार झाले यावरून ठरत नाही. ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. या दृष्टीने पाहिले की वरील आक्षेप सुटतो. मूल काम करून माणूस होत नसते. ते माणूस आहेच; म्हणून कामात त्याचा वाटा आहे. ज्याला केवळ मान वळवून ‘हा सदरा नको, तो हवा’ एवढे सांगता येते, त्याला ते सांगू देणे हेही जीवनकौशल्याचे शिक्षण होय. त्याची मिळकत शून्य असली तरी.

परंतु या विचाराच्या आड लपून दुसरी चूक करू नये. काम हे ‘मन रमविण्यासाठी’ असे म्हणून वेतनाचा प्रश्न बाजूला सारणे फार सोपे असते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात अपंग कामगारांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा सरकारला दिलेली होती. हेतू कदाचित चांगला असेल. कमी वेगाने काम करणाऱ्याला मालकाने दारातच परत पाठवू नये, असा. पण सवलत ही दुधारी असते. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. अकराव्या तासाला आलेल्यांना दिवसभर कोणी कामावर लावले नव्हते, म्हणून ते चौकात उभे होते. आळशी म्हणून नव्हे. मळ्याच्या धन्याने त्यांना भीक घातली नाही. कामावर बोलाविले आणि मग पूर्ण वेतन दिले. क्रम महत्त्वाचा आहे. दिवाळीत अशा मुलांनी रंगविलेल्या पणत्या आपण कौतुकाने घेतो. ती पणती चांगली आहे म्हणून घेतली की बिचाऱ्यांनी केली म्हणून, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पणतीला तडा असेल तर तसे सांगावे. चूक दाखविणे हाही माणूस म्हणून दिलेला मान आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात आणखी एक विवेक हवा. मोठ्या शहरांतील कार्यशाळांत शोभणारे उद्योग येथे उसने आणून चालत नाहीत. सुगंधी मेणबत्त्या विकत घेणारे गिऱ्हाईक गावच्या आठवडी बाजारात कोठून येणार? येथील काम येथील मातीत आहे. तूर निवडणे, शेळ्या राखणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, कोंबड्यांना वेळेवर दाणापाणी देणे ही कामे रोज त्याच क्रमाने करावयाची असतात, आणि नेमका क्रम हाच पुष्कळ मुलांचा आधार असतो. ज्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्या जिल्ह्याला या वाटेवर ज्ञानाची उणीव भासू नये.

याच जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. दासी म्हणून जात्यावर बसणाऱ्या या स्त्रीच्या सोबत तिचा देव दळू लागे, असे लोकमानस शतकानुशतके सांगत आले आहे. आमच्या मनात भरते ते त्यातील मदतीचे रूप. देवाने तिला जात्यावरून उठविले नाही. खुंट्याला आपलाही हात लावला. शिक्षकाचा, आई-बापाचा आणि शेजाऱ्याचा धर्म याहून वेगळा नाही.

‘आपल्यामागे याचे काय होणार?’ या प्रश्नाला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने एक उत्तर दिले आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय जिल्हा पातळीवर केली आहे. ती प्रत्येक पालकाने समजून घ्यावी. पण कागदावरचा पालक सही करू शकतो, सोबत करू शकत नाही. सोबत धर्मग्रामाने करावयाची आहे. ज्याचे दुकान आहे त्याने दिवसातील दोन तासांचे काम काढून ठेवावे. ज्याची शेती आहे त्याने एक वाफा द्यावा. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने तो मुलगा भेटल्यावर, त्याच्या आईला नव्हे तर त्यालाच, विचारावे, ‘काय रे, आज काय काम केलंस?’

आणि उत्तरासाठी थांबावे. उत्तर यावयास कदाचित वेळ लागेल.