तांबडी शाई

दिवाळीच्या तोंडावर घर आवरताना कपाटातून काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. यंदा माझ्या कपाटातून एक चाळीस पानी वही निघाली. वही माझी नव्हे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. २०१९ साली मी ती त्याच्याकडून ‘जरा ठेवतो’ म्हणून घेतली आणि परत दिली नाही. मुलांकडून कसे लिहून घेता येते याचा नमुना म्हणून चार शिक्षकांना ती दाखवावी असा माझा बेत होता. मुलाच्या कौतुकात आपलेही कौतुक उरकून घ्यावे, असा तो बेत, दुसरे काय!

वाचकांना आधीच सांगतो, की मी शिक्षणशास्त्रातला जाणकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका लहानशा खाजगी शाळेत मी मराठी शिकवितो. तिथे पदवीचा प्रश्न कोणी काढला नाही आणि मीही काढला नाही. जे काही वाचन झाले ते करवीर नगर वाचन मंदिराच्या कृपेने. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था. तिने माझ्यासारख्या कितीकांना पदवीवाचून शहाणे केले असेल! तिथले एक वृद्ध गृहस्थ, मी पुस्तक परत करावयास गेलो की, ‘वाचलंस का?’ असे कधी विचारीत नसत. ‘काय सापडलं?’ असे विचारीत. त्या प्रश्नाच्या धाकाने मी वाचू लागलो. पुढे कादंबऱ्या लिहिल्या त्याही बहुधा त्याच धाकाने.

तर ती वही. ज्याची ती, त्याच्या परवानगीने लिहितो आहे. नाव नको, गावाचेही नाव नको, एवढीच त्याची अट. पंचगंगेकाठचे गाव, इतके सांगितले तरी चालेल असे तो म्हणाला.

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात जो महापूर आला तो इथल्या माणसाला सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. महामार्ग बंद पडला, गावेच्या गावे नावेतून बाहेर काढावी लागली. पाणी ओसरल्यावर शाळा भरली. चिखलाचा वास अजून वर्गात येत होता आणि मी फळ्यावर विषय लिहिला: ‘पावसाळ्यातील एक दिवस’. विषय त्या महिन्याच्या नियोजनातच होता. मी बदलला नाही, कारण बदलावा असे मला सुचलेच नाही.

सहावीतल्या या मुलाने छान निबंध लिहिला. काळे ढग दाटून आले, मोराने पिसारा फुलविला, सृष्टीने हिरवा शालू नेसला, बळीराजा आनंदला. शुद्धलेखनाची एकच चूक. मी दहापैकी आठ गुण दिले. त्याचे घर आठ दिवस पाण्याखाली होते हे मला ठाऊक होते. तरीही आठ गुण दिले. मोर त्याने गाइडातून आणला होता, हेही मला ठाऊक होते.

त्यानंतर दोनच दिवसांनी तो एक कागद घेऊन आला. तलाठ्याकडे द्यावयाचा अर्ज होता. घरात लिहिता येणारा तोच, म्हणून वडिलांनी त्याला बसविले होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी सुरुवात, मग ‘पुराच्या पाण्यात म्हैस दगावली असून पंचनामा होऊन भरपाई मिळावी ही विनंती’. सर, शुद्धलेखन तपासून द्या, म्हणाला. मी तपासले. अर्ज उत्तम होता. त्या अर्जानेच मला प्रथम कळले की यांची म्हैस गेली. मला त्या मोराची एकदम लाज वाटली.

मी त्याला म्हटले, ‘आता मोर नको आणि अर्ज नको. त्या रात्री काय झालं ते लिही. घरी बोलतोस तसंच लिही.’ त्याने सात ओळी लिहून आणल्या. त्यातल्या पाच इथे देतो, माझ्या दुरुस्तीसकट:

‘रात्रीचे पाणी गोठ्यात आले. म्हैस ओरडत होती. आबांनी दावे सोडले नाही. आम्ही माळ्यावर गेलो. आबा जेवलेही नाहीत.’

ओळी वाचून मी हललो. गाइडातले अख्खे पान एकीकडे आणि हे चार-चार शब्द एकीकडे! लगेच दुसऱ्या तासाला मी त्या वर्गात वाचून दाखविल्या. मोठ्याने, चांगले थांबून थांबून. लिहावे ते असे, म्हणून सांगितले. वर्ग गप्प झाला, तो मला माझ्या वाचनाचा विजय वाटला. मग मधल्या सुट्टीत कोणी तरी त्याला विचारले, ‘तुझ्या बानं म्हस सोडली न्हाई व्हय रं?’ दुसऱ्या दिवशी ते गावात पोहोचले. त्यानंतर त्या मुलाने माझ्यासाठी चार वर्षे निबंध लिहिले. दहावीपर्यंत. प्रत्येकात मोर होता, म्हणजे मोरासारखेच काही तरी होते. गुण चांगले पडत गेले.

हा आपला अपराध मी मनाशी कबूल केला होता, पण तो एवढाच समजत होतो, की मुलाने विश्वासाने दिलेले मी चव्हाट्यावर मांडले. आपण मुलांना सारखे बजावतो, मनातले लिहा, खरे लिहा, अनुभवाचे लिहा. बरे, त्याने लिहिले; मग ते कोणाचे? मुलाचे, की वर्गाचे, की नमुने गोळा करणाऱ्या मास्तराचे? मोठा लेखक आपले मन छापावयास देतो तेव्हा काय देतो आहे हे त्याला कळत असते, शिवाय त्याला मानधनही मिळते. अकरा वर्षांच्या पोराला यांतले काय मिळते? दहापैकी नऊ. मोर काढणारे पोर अडाणी असते असे मला आता वाटत नाही. कित्येकदा ते पोर शहाणे असते. समोर परीक्षक बसला आहे हे ओळखून ते परीक्षकाला चालणारा माल देते. खरा माल घरी ठेवते.

टॉलस्टॉयने १८६२ साली आपल्या यास्नाया पोल्याना गावच्या शाळेवर एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच असा प्रश्न आहे, की शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्यापासून लिहिणे शिकावे, की आम्ही त्यांच्यापासून? मुलांबरोबर एक गोष्ट लिहावयास तो बसला आणि फेदका नावाच्या पोराने सुचविलेले बारीकसारीक तपशील आपल्यापेक्षा सरस निघालेले पाहून थक्क झाला. मला हा निबंध फार आवडतो, पण पुरता पटत नाही. टॉलस्टॉय जहागीरदार होता. मुलाच्या ठायी सगळे पूर्णच आहे, आपण हात लावू नये, हे म्हणणे त्याला परवडत होते. फेदकाला पुढे तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागणार नव्हता असे थोडेच आहे?

आमच्या पोरांना तो द्यावा लागतो. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. ज्या घरांना अक्षर कधी शिवले नव्हते त्यांच्या हाती ते जावे म्हणून हा खटाटोप. तेव्हा मुलाची बोली गोड आहे, तिला धक्का नको, म्हणून त्याला प्रमाण भाषा द्यावयाचीच नाही, हा सुद्धा एक प्रकारचा दंडच होईल, आणि तो पोराने भरावयाचा. ज्याच्या घरी छापील मराठी बोलतात त्याला ती फुकट मिळते. ज्याच्या घरी ‘हुतं’ आणि ‘न्हाई’ आहे त्याला ती शाळेनेच दिली पाहिजे. म्हणून तांबड्या शाईच्या विरुद्ध मी नव्हतो, आजही नाही.

आमच्याच गावात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले. शिक्षकांना शिकविण्यात हयात घालवून, ज्या वयात लोक काशीला जातात त्या वयात त्या लहान मुलांकडे वळल्या. २०२० साली त्या गेल्या. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ असे आहे. नाव साधे आहे. मी ते अनेकदा उच्चारले आहे आणि प्रत्येक वेळी उत्तरार्धावर जोर दिला आहे. लिहिणे मुलाचे, म्हणजे त्यातल्या अर्थाचा धनी मूल, हा पूर्वार्ध माझ्या कानाशीच राहिला.

मुक्ता साळवे हिचे उदाहरण द्यावेसे वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतली मातंग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले आहेत आणि धर्मालाच जाब विचारला आहे. आज त्या निबंधाचे गोडवे गाताना आपण तिच्या धैर्याबद्दल बोलतो, ते योग्यच. पण शाळकरी मुलीने लिहिलेला तो कागद प्रथम कोणी तरी वाचला असेल. ते वाचणाऱ्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. तो मऊ करणे किती सोपे होते! एखादे विशेषण बदलायचे, एखादे क्रियापद सौम्य करायचे. तरीही त्यातला जाब आपल्यापर्यंत पोहोचला.

क्रियापदावरून पुन्हा वहीकडे येतो.

यंदा ती वही हाती आली तेव्हा मी त्या सात ओळी परत वाचल्या, आणि प्रथमच माझी तांबडी शाई बाजूला सारून खालची निळी अक्षरे वाचली. मुलाने मुळात लिहिले होते: ‘आबास्नी दावं सोडवलं न्हाई.’

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे ‘आबास्नी’ म्हणजे ‘आबांना’. आबांना दावे सोडवले नाही. म्हणजे त्यांना ते सोडता येईना. पाण्याने फुगून गाठ आवळली असेल, अंधार असेल, पाणी कमरेच्या वर आले असेल, माळ्यावरून बायको-पोरे हाका मारीत असतील. माणूस पाण्यात उभा राहून गाठीशी झगडत होता आणि गाठ सुटली नाही, असे त्या चार शब्दांत त्या पोराने लिहिले होते. मी ‘आबास्नी’चे ‘आबांनी’ केले. ‘सोडवलं’मधला व मला जादा वाटला, तो खोडला. झाले ‘आबांनी दावे सोडले नाही’. वाक्य शुद्ध झाले आणि एका बापावर म्हशीचे मरण आले. मी कोल्हापुरात जन्मलो, ‘त्यास्नी’ आणि ‘आमास्नी’ ऐकतच वाढलो. मला अर्थ कळत नव्हता असे नाही. मी वाचलेच नव्हते. हात चुका वेचीत पुढे गेला. डोळे त्याच्या मागून गेले. ‘म्हणजे काय रे?’ एवढे एकदा विचारले असते तर भागले असते. वाचन मंदिरातले ते गृहस्थ मला ‘काय सापडलं?’ विचारीत; मी मुलांच्या वह्यांत किती चुका सापडल्या ते मोजीत आलो. आपले लिहिणे कोणी नीट वाचले, हे ज्या मुलाने एकदाही पाहिले नाही, त्याने दुसऱ्याचे पुस्तक तरी नीट का वाचावे? वाचनाची गोडी लावा, म्हणून आम्ही शिक्षक एकमेकांना सांगत असतो. ती गोडी कुठून लागते ते मला माझ्यापुरते त्या व-ने दाखविले.

वही पिशवीत घातली आणि रविवारी त्याच्या गावी गेलो. तो आता कॉलेजात जातो, सकाळी डेअरीला दूध घालतो. गोठा उंच चौथऱ्यावर बांधला आहे, त्यात दोन म्हशी. आबा वैरण टाकीत होते. ‘या, सर’ म्हणाले आणि चहाचे सांगावयास आत गेले. मी वही उघडून ते वाक्य त्याच्यापुढे धरले. चूक माझी झाली, असे म्हणालो. त्याने वाक्य पाहिले. बराच वेळ पाहिले.

‘तुला तेव्हाच कळलं होतं का?’

‘कळलं हुतं की.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

तो वहीची कड नखाने सरळ करीत राहिला. म्हणाला, ‘तुमी तांबड्या शाईनं लिवल्यालं, सर. मला वाटलं, तेच बरोबर असंल. आबांनी सोडलंच नसंल.’

आतून आबा चहा घेऊन आले.