थांबण्याची खूण

दुखापत झालेली असताना जोखमीचा खेळ चालू ठेवावा की थांबवावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. डॉक्टर हो म्हणाले तर जावे, नाही म्हणाले तर घरी बसावे. प्रत्यक्षात डॉक्टर हाड, स्नायू आणि अस्थिबंध यांची अवस्था सांगतात. त्या अवस्थेतल्या पायावर किती भार टाकायचा, तो पाय ऐन वेळी दगा देऊन गेला तर पुढे काय आणि त्याची झळ कोणाला, याची उत्तरे तपासणीच्या खोलीत मिळत नाहीत. ती खेळ, जागा आणि सोबतची माणसे यांवर ठरतात. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर हा हिशोब फार स्पष्ट दिसतो.

हिर्डोशी हे भोर तालुक्यातले गाव भोर-महाड रस्त्यावर, नीरा-देवघर धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. गावाच्या पुढे रस्ता वरंध घाटाने कोकणात उतरतो. उत्तरेला वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात केळदजवळचा मढे घाट, उपांड्या घाट आणि त्याही पलीकडे मोहरीकडची बोराट्याची नाळ आहे. मोहरीच्या खालच्या अंगाला लिंगाण्याचा सुळका उभा आहे. पाठीला पिशवी लावून या वाटा चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची आणि लिंगाण्यावर दोर लावून जाणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत वाढत गेली. त्यांच्यात लचकलेला घोटा, जुना गुडघा किंवा निखळून बसवलेला खांदा घेऊन आलेला एखादा असतोच.

दुखापतीच्या तीन अवस्था वेगळ्या धराव्या लागतात. पहिली ताजी दुखापत, मोहिमेच्या आधी काही दिवस किंवा आठवडे झालेली. दुसरी जुनी, कधी बरी वाटणारी आणि कधी डोके वर काढणारी. तिसरी वाटेत होणारी. तिसऱ्या प्रकारात खेळाचा प्रश्न संपलेला असतो, उरतो तो सुखरूप खाली पोचण्याचा. 1977 साली काराकोरममधल्या ओगर शिखरावरून उतरताना गिर्यारोहक डग स्कॉट यांचे दोन्ही पाय घोट्यापाशी मोडले. गुडघ्यांवर रांगत आणि साथीदारांच्या आधाराने त्यांना खाली यायला आठवडाभर लागला. त्याच उतरणीत त्यांचे साथीदार ख्रिस बॉनिंग्टन यांच्या बरगड्या मोडल्या. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण तिथे निवड करायला वावच नव्हता. निर्णय हा शब्द पहिल्या दोन प्रकारांनाच लागू पडतो.

ताज्या दुखापतीत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेदनेचे कमी होणे. ताणलेला स्नायू दोन-तीन आठवड्यांत सावरतो. मोडलेले हाड सांधायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. अस्थिबंध मात्र मंद गतीने भरतो, कारण त्याला रक्तपुरवठा तोकडा असतो. गुडघ्यातला पुढचा क्रूस अस्थिबंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल, तर उड्या-वळणांच्या खेळाकडे परतायला किमान नऊ महिने द्यावेत, असे सांगितले जाते. वेदना मात्र या मुदतीच्या कितीतरी आधी ओसरते. शिवाय लचकलेल्या घोट्यात आणखी एक उणीव मागे राहते. पाय कोणत्या कोनात टेकला आहे, याची खबर मेंदूला देणारी यंत्रणा मंदावलेली असते. सपाट फरशीवर ती उणीव जाणवत नाही. सैल दगडावर पाय पडला की सावरायला एक क्षण उशीर होतो आणि तोच घोटा पुन्हा वळतो. म्हणून जखमी सांधा पुन्हा जायबंदी होण्याचा धोका धडधाकट सांध्यापेक्षा मोठा असतो.

दुसरी फसगत चढाची. आपण जाऊ शकतो का, हे बहुतेक जण चढून पाहतात. कुणी इमारतीचे जिने चढतो, कुणी पर्वती किंवा सिंहगड. चढताना मांडीचे स्नायू आखडत शरीर वर उचलतात. दमछाक होते, पण पाऊल स्थिर असते. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराचे वजन रोखून धरतात आणि गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक होतो. पाठीवरची पिशवी त्यात भर घालते. हिर्डोशीच्या परिसरातली रचना तर नेमकी उलटी आहे. गाडी थेट घाटमाथ्यावर पोचते, दिवसाची सुरुवात उतरणीने होते आणि वाट कोकणात संपते. बोराट्याच्या नाळेत वाट म्हणजे दोन कड्यांमधली धोंड्यांनी भरलेली घळ. तिच्यात डुगडुगणारे दगड असतात, मधे घसारा असतो, पावसाळ्यानंतर गवताखाली भोके असतात. दर पावलाला गुडघा वाकतो, घोटा तिरका होतो आणि हात आधार शोधतो. अशी हजारो पावले. निम्म्या नाळेत गुडघा बोलू लागला, तर खाली जायचे तितकेच उरलेले असते जितके वर परतायचे. चढाच्या खेळात दमलेला माणूस मागे फिरू शकतो. उताराच्या खेळात ती सोय नसते.

घोट्याच्या दुखापतीत क्ष-किरण तपासणी हवी का, हे ठरवण्यासाठी डॉक्टर जगभर ओटावा नियम वापरतात. घोट्याच्या परिसरात दुखत असेल आणि कोणत्याही एका बाजूच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर चित्र काढावे, असा तो नियम सांगतो. वाटेवरच्या म्होरक्यालाही ही चाचणी करता येते: दोन अंगठ्यांनी दाबून पाहायचे आणि मग चार पावले टाकायला लावायची. तिचा अर्थ मात्र मर्यादित आहे. ती हाड मोडल्याची शंका कितपत आहे एवढेच सांगते. चार पावले टाकता आली म्हणजे चार तासांची नाळ उतरता येते, असा अर्थ कोणी काढू नये. परतण्याच्या चाचण्या वेगळ्या असतात. सांधा पूर्ण वाकतो आणि सरळ होतो का, जखमी पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के आहे का, त्या एका पायावर लंगडी घालत पुढे जाता येते का आणि थांबल्यावर तोल राहतो का. या चाचण्या घरच्या अंगणात होतात, गोळी न घेता होतात आणि खोटे बोलत नाहीत.

गोळीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. निघण्यापूर्वी वेदनाशामक घेणे ही पुष्कळांची सवय आहे. ती गोळी दुखणे दाबते, जखम भरत नाही. दिवसभर उन्हात कमी पाण्यावर चालताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या औषधांनी मूत्रपिंडावर ताण येतो, हा आणखी एक तोटा. सर्वांत मोठे नुकसान असे की वेदना ही शरीराकडून येणारी एकमेव बातमी असते आणि गोळी नेमकी तीच बंद करते. डोक्याला मार लागला असेल तर तर्काला जागाच नाही. बेशुद्धी, गोंधळ, उलटी यांपैकी काही झाले किंवा मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली, तरी त्या दिवशी खेळ बंद, हा नियम आता बहुतेक खेळांनी स्वीकारला आहे.

इथपर्यंत प्रश्न एका शरीराचा होता. दोरावर तो दोघांचा होतो. मनगट दुखावलेला माणूस लिंगाणा कदाचित चढून जाईल. पण आपली पाळी संपल्यावर त्याच हाताने त्याला खालच्या साथीदाराचा दोर धरायचा असतो. तो दोर सुटला तर किंमत मोजतो तो दुसराच. उतारावर जखमी झालेल्याला पुढे वाहून नेण्याचे काम तर कितीतरी अधिक लोकांवर पडते. नाळेतून एका माणसाला बाहेर काढायला आलटून-पालटून खांदा देणारे बारा-पंधरा जण लागतात. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. आधी कुणीतरी धावत गावात जातो. गावकरी हातातले काम टाकून, बांबू आणि घोंगडी घेऊन निघतात. त्यांच्या पाठोपाठ महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांच्या बचाव पथकांतले स्वयंसेवक येतात, तेही विनामोबदला, तेही रात्री. मग भोर आणि तिथून पुण्यापर्यंत पुन्हा पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट वेळोवेळी बंद असतो, तेव्हा कोकणाकडून मदत येण्याची वाटही मिटते. माझे शरीर, माझा निर्णय, हे वाक्य या साखळीपुढे अपुरे पडते. निर्णय एकाचा असला तरी त्याचे ओझे शब्दशः दुसऱ्यांच्या खांद्यावर येते.

या विचाराला महाराष्ट्रात एक भावनिक अडसर आहे आणि त्याचे मूळ याच मातीत आहे. हिर्डोशी ज्या हिरडस मावळात येते, तो बांदलांचा मुलूख. भोरजवळच्या शिंदचे बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे यांनी जुलै 1660 मध्ये घोडखिंड अडवून धरली. अंगभर जखमा घेऊन झुंजणारे बाजीप्रभू हे मराठी मनातले शौर्याचे चित्र आहे. मढे घाट तर तानाजी मालुसऱ्यांच्या अखेरच्या प्रवासाची वाट म्हणून ओळखला जातो. फुटलेल्या ढालीच्या जागी हाताला वस्त्र गुंडाळून लढलेले तानाजी प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतात. या डोंगरात पाय लचकला म्हणून मागे फिरणे, त्यामुळेच अनेकांना लाजिरवाणे वाटते. सोबतचे चेष्टेने एखादे नाव घेतात आणि लंगडणारा पुढे निघतो.

ही तुलना दोन ठिकाणी मोडते. एक तर घोडखिंडीतल्या जखमांमागे खेळाबाहेरचे प्रयोजन होते. एका माणसाचे, शिवाजी महाराजांचे, विशाळगडावर पोचणे राज्यासाठी आवश्यक होते आणि त्याला दुसरा पर्याय नव्हता. रविवारच्या नाळेला पुढचा रविवार असतो. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. परंपरेने चालत आलेल्या कथेतही बाजीप्रभू अमर्याद लढत नाहीत. महाराज गडावर पोचले की तोफांचे बार होतील, हे आधी ठरलेले आहे. तोवर खिंड धरायची. म्हणजे त्या झुंजीलाही थांबण्याची खूण होती आणि ती जखम होण्याच्या आधी, शांत डोक्याने मुक्रर झालेली होती. शौर्याचा वारसा सांगणारे कथेतला हाच भाग विसरतात.

खूण आधी ठरवावी लागते, याचे कारण वाटेवर माणसाची बुद्धी निष्पक्ष राहत नाही. रजा टाकलेली असते, पैसे भरलेले असतात, महिनाभर तयारी झालेली असते. गेलेला खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, हे सगळ्यांना कळते, पण वळत नाही. शिखर जितके मोठे तितका हा ओढा अधिक. एव्हरेस्टच्या नेपाळी परवान्याचेच शुल्क वसंत ऋतूसाठी 11,000 डॉलर होते, ते 2025 मध्ये 15,000 झाले. गावाने वर्गणी काढून पाठवलेल्या गिर्यारोहकाला दुखऱ्या पायाची गोष्ट उघड करणे किती जड जाईल, हे वेगळे सांगायला नको.

कुस्तीने या अडचणीवर जुना उपाय शोधलेला आहे. जत्रांच्या हंगामात इनामावर वर्षाचा खुराक चालतो, म्हणून जखमी मल्लाला फडात उतरण्याचा मोह मोठा असतो. पण तालमीत जोड ठरवणे एकट्या मल्लाच्या हाती नसते. वस्ताद त्याची मेहनत रोज पाहतो. बैठका मारताना कोणता गुडघा चुकवला जातो, हे त्याला न सांगता दिसते. त्याने कुस्ती नाकारली तर मल्लाची अब्रू जात नाही, वस्तादाने उतरू दिले नाही असे सांगता येते. बाजू घेणारे माणूस नसले की काय होते, हे खाशाबा जाधवांच्या उदाहरणात दिसते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये एक दीर्घ लढत संपताच त्यांना पुढच्या लढतीसाठी उभे केले गेले. दोन लढतींमध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. ते कांस्यपदक घेऊन आले. पुढच्या ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची वाट अडवली. डोंगरात वस्तादाची जागा मोहिमेच्या नेत्याने घ्यायला हवी. पैसे घेऊन सहली काढणाऱ्याला परत पाठवलेला गिऱ्हाईक तोट्याचा वाटतो, ही या व्यवसायातली खरी अडचण आहे. म्हणून दुखापत लपवणाऱ्याइतकीच, ती न विचारणाऱ्याचीही चूक असते.

याची उलट बाजूही नीट मांडायला हवी. प्रत्येक दुखणे म्हणजे इजा नव्हे. काही जुन्या सांध्यांना हालचालच मानवते आणि अतिविश्रांतीने स्नायू झडून सांधा आणखी कमकुवत होतो. खेळ हा काहींच्या जगण्याचा कणा असतो, त्याचा तुटवडा हीसुद्धा हानीच. अपंगत्व आले म्हणून साहस संपत नाही. मुरलीकांत पेटकर सैन्यातले मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्यावर ते जलतरणाकडे वळले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. अरुणिमा सिन्हा यांचा पाय 2011 मध्ये गेला, 2013 च्या मेमध्ये त्या कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर पोचल्या. पण या दोन्ही उदाहरणांत जखम आणि यश यांच्यामध्ये वर्षे आहेत. पेटकरांनी खेळ बदलला, सिन्हांनी नव्या पायावर चालणे पहिल्यापासून शिकून घेतले. उघड्या जखमेवर दोघांपैकी कोणीही पैज लावली नाही. ही उदाहरणे थांबण्याच्या विरोधात वापरली जातात, प्रत्यक्षात ती थांबून पुन्हा उभे राहण्याची आहेत.

तेव्हा निर्णयाचा क्रम असा लागतो. दुखापत ताजी असेल तर वेदनेवर न जाता भरण्याच्या मुदतीवर जावे. जुनी असेल तर चढावर न जोखता उतारावर आणि एका पायावर, गोळीविना जोखावी. ज्याच्याशी दोर बांधायचा त्याला आणि नेत्याला ती निघण्यापूर्वी सांगावी, आणि त्यांचा नकार अंतिम मानावा. कोणत्या ठिकाणी, किती वाजता आणि कोणत्या लक्षणावर मागे फिरायचे, हे घाटमाथ्यावर ठरवून सर्वांसमोर बोलावे, कारण नाळेच्या मध्यात ते ठरत नाही. यातले एकही उत्तर डळमळीत असेल तर त्या दिवशी जाऊ नये. हिर्डोशीहून परत फिरणाऱ्याला भोरची एसटी मिळते. नाळेत पाय मोडलेल्याला बारा जणांचे खांदे लागतात.