दस्तुर खुद्द

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पणजोबांपासूनचे कागद: खरेदीखतं, गहाणखतं, वाटण्या, सोसायटीच्या पावत्या. पावसाळा सरला की तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, ती ट्रंक खाली काढून कागदांना ऊन दाखवत. शाळकरी वयात मी ते कागद वाचायला शिकलो आणि एक गोष्ट डोक्यात बसली. गाव कोणतंही असो, लिहिणारा कोणीही असो, शेवट ठरलेला: ‘हे खरेदीखत राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिले असे.’ त्याखाली सही आणि सहीशेजारी ‘दस्तुर खुद्द’. म्हणजे स्वतःच्या हातानं. ज्याला लिहिता येत नाही त्याचा डाव्या हाताचा अंगठा, भोवती त्याचं नाव आणि खाली दोन साक्षीदार.

त्यातल्या एका नकलेवर आजीचा अंगठा आहे. तिच्या माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र. मी एकदा विचारलं, “आजी, ह्यात काय लिवलंय ते ठावं होतं का तुला?” भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मला कोण वाचून दावतंय? थोरल्या भावानं हात धरला, शाईत बुडवला न् कागदावर टेकवला. अंगठा माझा, हात त्येचा.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. भाऊ दिवाळीला लुगडं पाठवायचा, तेवढ्यावर तिचा हिशेब मिटला होता. पण कागदावर ‘राजीखुशीने’ लिहिलेलं आहे आणि खाली दोन साक्षीदारही आहेत.

हे आधी सांगितलं, कारण मोबाईलवरच्या सहीचा विषय निघाला की आमच्या पारावरची माणसं जुन्या कागदाचे फार गोडवे गातात. ‘समोर माणूस असायचा, साक्षीदार असायचे, तसलं काही आता राहिलं नाही.’ समोर माणूस असायचा हे खरं. तो काय करायचा, ते आजीला विचारावं.

सही मागतात ती विश्वास असतो म्हणून, की नसतो म्हणून? जुन्या महजरांवर गोतातली माणसं आपापली निशाणी काढत. पाटलाचा नांगर, कुंभाराचं चाक, न्हाव्याचा आरसा. त्या निशाणीचा अर्थ ‘मी तिथं होतो, मी ऐकलं’ असा होता. पुढं बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी रस्त्याच्या सामानाचा करार केला आणि कागदामागं त्याच्या आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. हेतू सरळ होता: माणसाला धाक बसावा आणि उद्या त्यानं ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये. सरकारी कागदावर बोटांचे ठसे घेण्याची चाल पुढं त्यातूनच वाढत गेली. म्हणजे निशाणी हजेरी सांगायची आणि ठसा नकार अडवायचा. दोन्ही खुणा कागदाच्या तळाशीच असतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

मोबाईलवरची सही ठशाच्या कुळातली आहे, आणि तिचं काम ती ठशापेक्षा चांगलं करते. मराठी राजपत्रांत मजकूर संपला की मोर्तबाचा शिक्का उठवत, म्हणजे त्यापुढं कुणाला एक अक्षर घुसवता येत नसे. डिजिटल सही हेच मोर्तब सबंध मजकुरावर उठवते. कागदातल्या अक्षर न् अक्षराचा हिशेब करून यंत्र एक लांबलचक आकडा काढतं. कुठं एक मात्रा बदलली तरी आकडा बदलतो. तो आकडा सही करणाराच्या गुप्त किल्लीनं बंद होतो आणि जोडीच्या उघड किल्लीनं कुणालाही तपासता येतो. २०१८च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला, तो याच जोरावर. त्याआधी एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात मी तीन-तीन हेलपाटे घातलेत, तेव्हा या सोयीला नावं ठेवणारा मी नव्हे. पुण्यातली लेक आणि दुबईतला जावई एका संध्याकाळी एकाच कागदावर सही करतात, हेही मी पाहिलंय.

पण माणूस कोण आणि कागद तोच का, हे दोन प्रश्न सुटले तरी तिसरा उरतोच. त्याला कळलं होतं का? तो मोकळा होता का? आपला करार कायदा १८७२चा. त्यात संमतीची व्याख्या अशी, की दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थानं होकार दिला पाहिजे. पडदानशीन बाईच्या सहीबद्दल तर कोर्टांनी फार पूर्वीच ठरवलं, की तिला मजकूर समजला होता हे कागद करून घेणाऱ्यानं शाबीत करायचं. पुढं अडाणी माणसालाही ते लागू केलं. म्हणजे ओझं सही मागणाऱ्यावर. मला हा न्याय फार शहाणा वाटतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि इलेक्ट्रॉनिक सहीला मान मिळाला, तरी मृत्युपत्र अजून त्यातून वगळलेलं आहे. त्याला दोन जिवंत साक्षीदारांचे डोळे लागतात. मेल्यावर माणसाला ‘तुला हे कळलं होतं का’ विचारता येत नाही, म्हणून असेल.

आमच्या नानांना मात्र जिवंतपणीच कुणी विचारलं नाही. वेफरच्या बटाट्याचा करार. कंपनी बेणं देणार, ठरल्या दरानं माल उचलणार. कराराचा कागद मोबाईलवर आला, अठरा पानं, इंग्रजी. आधारवरून सही करायची, तर सहा आकडे आधारला जोडलेल्या नंबरावर येतात, आणि नानांच्या आधारला जोडलेला नंबर पुतण्याचा. पुतण्या चाकणला कामावर. कंपनीच्या माणसानं त्याला फोन लावला, त्यानं मशीनवर उभ्या उभ्या सहा आकडे सांगितले, इकडं सही झाली. त्या वेळी नाना उसाला पाणी देत होते. काढणीला माल परत आला. बटाट्यात साखर जास्त आहे, तळला की काळा पडतो, असं सांगितलं. असेलही. नाना विचारायला गेले तेव्हा त्यांना पडद्यावर दाखवलं: तारीख, वेळ अकरा बेचाळीस, तुमचं नाव, तुमचं आधार. सही तुमचीच. नाना घरी येऊन एवढंच म्हणाले, “सही माझी हाय म्हंत्यात. मग मी कुठं हुतो?”

त्या नोंदीत खोटं काहीच नव्हतं. यंत्रानं जे पाहिलं ते लिहून ठेवलं. पण यंत्राला ‘खुद्द’ म्हणजे तो नंबर, आणि नंबर खिशातून खिशात फिरतो.

म्हणून सहीचा कागद सुरक्षित पाठवणं या गोष्टीकडं मी जरा वेगळ्या डोळ्यानं बघतो. जाणकार लोक सांगतात ते सगळं करावंच. विनंती त्याच माणसाच्या नंबरावर जावी. उघडायचा संकेतांक दुसऱ्या वाटेनं द्यावा. दुव्याला मुदत असावी. पाठवणारा कोण ते ठळक दिसावं. ते तर हवंच हवं, कारण आमच्याकडं पीएम किसानच्या नावानं एपीके फायली फिरतात आणि दाबली की खातं साफ होतं. पूर्वी समन्स घेऊन कोतवाल यायचा तर त्याच्या तोंडावरून कळायचं की बोलावणं खरं आहे. दुव्याला तोंड नसतं. पण चोरापासून कागद राखला एवढ्यानं पाठवणाऱ्याचं काम संपत नाही.

या सहीच्या सोयीत एक बारीकशी युक्ती असते. कागद उघडला की एक पिवळा बाण येतो: ‘इथे सही करा’. तो दाबला की मधली पानं झरझर मागं जातात आणि आपण थेट सहीच्या चौकोनावर पोचतो. वेळ वाचतो म्हणे. मला तो बाण दिसला की आजीच्या भावाचा हात आठवतो. बोट कुठं टेकवायचं ते दाखवणारा, वाचायचं कुठं ते न सांगणारा. ‘मी वाचले व मला मान्य आहे’ हा चौकोनही तसाच. जुन्या खतातलं ‘अक्कलहुशारीने’ जितकं खरं, तितकाच तो खरा.

यंदा तीच माणसं काकीकडं आली. काकी म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको, चार इयत्ता शिकलेली, मोबाईल स्वतःचा, नंबर स्वतःच्या आधारला जोडलेला. कंपनीचं पोरगं ओट्यावर बसलं, चहा प्यालं आणि म्हणालं, “काकी, सहा आकडे आलं असतील, तेवढं सांगा.”

“आधी वाच,” काकी म्हणाली.

“अठरा पानं हायेत, काकी. इंग्रजीत.”

“तुला येतंय न्हवं इंग्रजी? मग मराठीत सांग. मला काय घाई न्हाई, दूध तापायचंय.”

मी शेजारच्या बाजेवर बसलो होतो. पोरगं तसं भलं होतं. लाजत लाजत एकेक पान सांगायला लागलं. बेणं किती, पैसे कधी कापणार, औषध कुणी मारायचं. त्यालाही बरंचसं नवीन असावं, कारण मधूनच थांबून तेच वाक्य दोनदा वाचायचं. अकराव्या पानावर आलं तेव्हा सांगता सांगता त्याचा आवाज खाली गेला. माल नापास करायचा अधिकार कंपनीचा, नापास मालाचं जाण्यायेण्याचं भाडं शेतकऱ्याचं, आणि बेण्याचे पैसे तरीही कापले जाणार.

“नापास कोण ठरवणार? तवा आमी तिथं असणार का?” काकीनं विचारलं.

“ते... तसं काय लिहिलं न्हाई, काकी.”

“मग लिव.”

“मला न्हाई लिहिता येत त्यात. साहेबांना विचारावं लागंल.” रेंज मिळावी म्हणून तो फोन घेऊन लिंबाखाली जाऊन उभा राहिला. काकीनं आपला मोबाईल उंबऱ्यावर पालथा घातला आणि दूध बघायला आत गेली.