दिवा लागायची वाट बघतोस?

आधी मोबाइल खिशात घाल, मग बस. दहावीला मागच्या बाकावर झोपायचास ते मी चालवून घेतलं, कारण नुकसान तुझं एकट्याचं होत होतं. आता तू मेडशीहून गाडी भरून माणसं अकोल्याला नेतोस, त्यांतली कितीतरी सर्वोपचार रुग्णालयाच्या दारात उतरतात. दम्याची म्हातारी नाकाला पदर लावून बसलेली तुला आरशात दिसते आणि वर तिलाच बजावतोस, "आजी, एसी चालू आहे, काच लावा." ती काच कशाला उघडते, हे कधी विचारलंस?

तुझ्या एसीचा पंखा चारवर असतो आणि हवा एकवर असल्यासारखी येते. पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो. पावसात समोरची काच पुसून पुसून तुझा हात दुखतो. ही सगळी लक्षणं एकाच दुखण्याची असू शकतात, आणि ते दुखणं समोरच्या कप्प्याच्या मागे, तुझ्या हातभर अंतरावर बसलंय. केबिन एअर फिल्टर. बाहेरची हवा गाडीत येताना त्या घड्या घातलेल्या कापडी-कागदी जाळीतून गाळून येते. गाडी घेतली तेव्हा अकोला-मेडशी महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं. त्या वेळचा फुफाटा अजून त्याच घड्यांत बसला असेल, कारण तू तो एकदाही बदललेला नाहीस.

"सर, दिवा तर लागला नाही." हे उत्तर मला पाठ आहे. ऑइलचा दिवा लागतो, बॅटरीचा लागतो. या फिल्टरचा बहुतेक गाड्यांत लागत नाही. आणि नाकावर तर मुळीच विसंबू नकोस. रोज त्याच वासात बसणाऱ्याला वास येईनासा होतो. नव्या प्रवाशाला येतो, पण तो बिचारा तुला सांगत नाही.

दुसरं उत्तरही ठाऊक आहे: सर्व्हिसिंगला बदलला. आण ती पावती. त्यावर 'एअर फिल्टर' लिहिलंय, तो इंजिनाचा. इंजिनाला स्वच्छ हवा मिळावी म्हणून पैसे मोजलेस, माणसांसाठी मोजले नाहीस.

आता हिशोब मांड, गणितात तू बरा होतास. गाडीसोबतच्या पुस्तिकेत साधारण 15 ते 20 हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलं जे आधी येईल ते, असं काहीतरी असतं. तुझ्या गाडीचा नेमका आकडा तिथेच बघ. मेडशी-अकोला जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. म्हणजे 20 हजार धरले तरी दोनशे फेऱ्या, वर्षाच्या आतच संपतात. शिवाय धुळीच्या भागात लवकर बदला, असंही त्या पुस्तिकांत बहुधा असतंच. आणि आपला भाग कसला आहे रे? दसऱ्याच्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची मळणी चालते, कुटार उडतं, पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही. सोयाबीन आटोपलं की तूर, मग हरभरा.

सोयाबीनच्या धुळीला हलकं समजू नकोस. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात अधूनमधून एकाच दिवशी दम्याच्या रोग्यांची दवाखान्यांत रीघ लागायची. कारण कळायला वर्षं गेली. बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवताना एका कोठारातून टरफलांची धूळ उडायची आणि वाऱ्याबरोबर शहरावर यायची. त्या कोठाराला धूळ अडवणारे फिल्टर नव्हते. ते बसवले आणि साथी थांबल्या. आख्खं शहर एका फिल्टरवाचून धापा टाकत होतं, बाप्पा! तुझ्याकडे फिल्टर आहे, तोही चोंदलेला. गाजरगवताच्या परागांचं तर बोलायलाच नको. ते बांधावर फुललेलं असतं, त्याचे पराग वायपरखालच्या जाळीतूनच आत येतात.

मग कधी बदलायचा? नुसता करडा दिसला म्हणून लगेच फेकू नकोस; करडा होणं हे त्याचं कामच आहे. उन्हात धर. घड्यांतून उजेड दिसत नसेल, काडीकचरा भरला असेल, ओल धरली असेल, कुठे फाटला असेल किंवा उंदरानं कुरतडला असेल, तर किलोमीटर मोजत बसायचं नाही, बदलायचा. वर्षातून दोनदा उघडून बघ: सोयाबीनची मळणी उरकल्यावर दिवाळीनंतर, आणि रोहिण्या लागल्या की, पावसाच्या आधी. धूळ भरलेला फिल्टर पावसाळ्यात भिजला की बुरशी धरतो, आणि मग तुझा एसी बुरशीच वाटतो.

आणि ते पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणणं बंद कर. त्या जोरानं वरची धूळ उडते, बारीक आणखी आत रुतते, धागे फाटतात. धुवायचा तर विचारही नको. पुष्कळ फिल्टरांच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, बारीक कण त्यानं धरले जातात. पाण्यानं तो जातो आणि हातात नुसतं फडकं उरतं. काही शे रुपयांची वस्तू ती! तेवढ्यासाठी इतकी कारागिरी करतोस, आणि पुढे धूळ कूलिंग कॉइलवर बसली की डॅशबोर्ड खोलायला हजारो घालवशील.

"आतली हवा फिरवायचं बटण दाबलं की झालं," हेही शहाणपण शिकवू नकोस. मळणीच्या शेताजवळून जाताना चार मिनिटं दाब, ठीक आहे. पण भरलेल्या गाडीत पातूर घाटापासून अकोल्यापर्यंत तेच दाबून ठेवलंस तर माणसांचाच उच्छ्वास आत साठतो, डोकं जड होतं, झापड येते. ती चालवणाऱ्यालाही येते.

चल, गाडी सावलीत घे. वायपरखाली कडुलिंबाचा पाला साचलाय तो आधी काढ. मग कप्पा रिकामा कर, दोन्ही बाजू आत दाबून खाली सोड, मागचं झाकण उघड. नव्या फिल्टरच्या कडेला बाण असतो, तो हवेच्या दिशेनं ठेवायचा. जुना काढताना बाण कुठे होता ते बघून ठेव, नाहीतर उलटा बसवशील. आणि कप्प्यातून खर्ऱ्याची पुडी निघेल, ती परत आत जाणार नाही. इथे माझ्या टेबलावर ठेवायची.