दिष्ट जाळायची असते

घरात पोर किरकिरलं की आमची आई दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन उतरवायची नि चुलीत टाकायची. ठसका नाही आला तर म्हणायची, "बघ, किती दिष्ट लागली व्हती!" कुणाची लागली, हे मात्र कधी सांगत नसे. आल्यागेल्या सगळ्यांवर मोघम ढकलायची, नि विषय चुलीतच जळून जायचा.

1983च्या पावसाळ्यात आमचा दीड वर्षाचा खोंड गेला. आदल्या दिवशी लंगडत होता. मागच्या फऱ्यावर सूज, दाबली की चरचर वाजायची. मी तेव्हा विशीतला, दुःखानं पिसाळलेला. भीमेपलीकडच्या एका देवऋष्याकडं गेलो. त्यानं भंडारा लावला, लिंबू कापलं नि म्हणाला, "भावकीतलीच बाई हाय. एकटी ऱ्हाती." नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. विधवा चुलती आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची.

दाराला लिंबू बांधलं आणि मी चुलतीच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं. आई जात राहिली. मला म्हणाली, "दिष्ट जाळायची आसती, मानूस न्हाई."

पुढं गुरांच्या डॉक्टरनं सांगितलं, तो फऱ्या रोग. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात, तरण्या जनावरांना धरतात. पावसाआधी लस टोचली की बहुधा टळतं. लस टोचायची राहिली होती माझ्याकडून. हे कळूनही चुलतीची पायरी चढायला मला चार वर्षं लागली. तिनं काही विचारलं नाही. चहा ठेवला.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. पारावर ओरड झाली, आता पूजा, वारी बंद! तसं काही नव्हतं. वारी, कीर्तन, पूजेला कायद्यानं हात लावलेला नाही. अमकीनं करणी केली म्हणून तिला छळणं, हा गुन्हा. आईनं चुलीपाशी ओढलेली रेघ नि ही रेघ फार लांब नाहीत.

आता मुलगा चाकणला कंपनीत जातो. नाशिक रस्त्यावरची वाहनं बघून मलाही धास्ती वाटते. त्याच्या गाडीला लिंबू-मिरची असते. मी काढ म्हणत नाही, माणसाला धीर लागतो. एकदा फक्त विचारलं, "बाबा, कुणाचं नाव मनात धरून बांधली नाहीस ना?"