घाटातला गिअर

क्लीनर म्हणून मी तीन वर्षं काढली. त्यातली पहिली दोन वर्षं गिअरच्या दांड्याला हातसुद्धा लावला नाही. टायर ठोकून बघायचे, ताडपत्री आवळायची, चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा. कान मात्र इंजिनाकडे असायचा. वस्ताद कुठल्या आवाजाला गिअर बदलतात ते मला झोपेतही कळायला लागलं होतं.

कोकण रेल्वे धावायच्या आधीची ही गोष्ट. खेडकडून जांभा चिरा भरायचा आणि कशेडी घाटातून पोलादपूरला उतरून महाडला टाकायचा, हे आमचं काम. गाडी जुनी टाटा. तिला डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग पुढचा गिअर. वरचा टाकताना मधे जरा दम धरायचा, म्हणजे इंजिन खाली बसतं. खालचा टाकताना उलटं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची, म्हणजे आतली चक्रं चाकांच्या वेगाला येऊन मिळतात. वेग जुळला तर दांडा आपसूक आत जातो. नाही जुळला तर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा करकरतो.

बाजारात करकरला तर लोक हसतात. उतारावर तसं नसतं. भरलेली गाडी एकदा गिअरमधून सुटली की वेग वाढत जातो, आणि वेग वाढला की गिअर आणखीच घेत नाही. मग उरतो ब्रेक. तो दाबून दाबून ड्रम तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक धरेनासा होतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर.

एका थंडीत, रात्री एकच्या सुमाराला, कशेडीच्या माथ्यावर चहा पिऊन झाल्यावर वस्ताद म्हणाले, “बस हिकडं.” माझ्याकडे कसलाही परवाना नव्हता. मागे नऊ-दहा टन चिरा होता. मी बसलो. नाही म्हणायचं मनातही आलं नाही, उलट छाती फुगली.

पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याच्या आधी तिसऱ्यावरून दुसरा टाकायला गेलो आणि रेस कमी पडली. गिअर करकरला, दांडा परत न्यूट्रलला आला. गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. समोरच्या वळणावर खालून दिवे दिसले. मुंबईहून येणारी एसटी होती.

वस्तादांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, “ब्रेक एकदाच, जोरात दाब. आता सोड. रेस दे. आणखी दे, आरं घाबरतोस काय! आता टाक.” पडला. इंजिन ओरडलं, गाडी आवरली. मी डोंगराच्या अंगाला सरकलो. एसटीवाल्याने डिपर मारला. चढत्या गाडीला वाट दिली म्हणून आभार.

तो डिपर अजून डोळ्यासमोर आहे. खिडक्यांना डोकी टेकून माणसं झोपली होती. कुणी गावी लग्नाला निघालं असेल, कुणी म्हाताऱ्या आईला बघायला. त्यांनी तिकीट काढताना एसटीच्या ड्रायव्हरवर भरवसा टाकला होता. माझ्या शिकवणीत ते कधी सामील झाले?

पुढे हे मी वस्तादांना विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “पोरा, घाट मैदानात शिकता येत न्हाई. आनी रिकाम्या गाडीला घाट कळत न्हाई. कुनीतरी कवातरी पयल्यांदा भरलेली गाडी उतरवनारच. मी शेजारी होतो का नव्हतो?”

होते. आणि बोलणं खोटं नव्हतं. सुईण पहिलं बाळंतपण कुणाचं तरी करतेच. पण तिथे घरची माणसं दारात उभी असतात, कुणाचा हात आहे ते त्यांना दिसतं. औत शिकताना तास वाकडं गेलं तर नुकसान आपल्याच वावराचं. रस्त्यावर तसं नसतं. तिथे प्रत्येकजण न बघितलेल्या माणसावर विसंबून असतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, तेव्हा त्यावरून दोन एसटी गाड्याही गेल्या. पुलाची तब्येत विचारून कोण प्रवासाला बसतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने माल वाहणाऱ्या गाडीच्या परवान्याला वीस वर्षांचं वय आणि हलक्या गाडीचा वर्षभराचा परवाना लागतो. नियम चांगला आहे. त्या एसटीतल्या माणसांच्या बाजूने बोलणारं तेवढंच कुणीतरी. पण परवाना हातात आल्यावरही पहिला भरलेला उतार बाकीच असतो. तो काही कायद्याला उतरवता येत नाही.

गेल्या वर्षी पुतण्या मागे लागला, “काका, तुम्ही शिकवा.” त्याचं शिकाऊ लायसन झालेलं, वयही बसलेलं. नव्या गाड्यांना डबल क्लच लागत नाही, स्टिअरिंग बोटावर फिरतं. कशेडीला बोगदा झाल्यापासून बहुतेक गाड्या तिकडूनच जातात. म्हणून मी जुना घाट निवडला, दिवसाची वेळ निवडली. आधी रिकामी गाडी, मग अर्धी, आणि महिन्याभराने भरलेली. मी शेजारी. वस्तादांसारखाच.

भोगावच्या वरच्या वळणावर एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन कडेने चालली होती. मी गाडी थांबवायला लावली. तिने एकदा वळून बघितलं. लाल अक्षराची पाटी तिला दिसली असेल, पण तिचा अर्थ काय हे तिला कुणी सांगितलेलं नसणार. ती वळण पार करून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तसेच थांबलो.

“काका, असं माणसामाणसाला थांबत बसलो तर पोलादपूरला पोचायचं कधी?”

मला उत्तर सुचलं नाही. “पहिला टाक,” म्हटलं, “आणि क्लच हळू सोड.”