नेहमीचंच खाल्लं होतं

कुत्रा आजारी पडला की दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय खाल्लं? उत्तरही बहुधा ठरलेलं असतं, काही नाही, नेहमीचंच. यात खोटेपणा नसतो, पण सगळं खरंही नसतं. सकाळी फिरताना कोपऱ्यावरच्या कचऱ्यात त्याने तोंड घातलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. आजोबांनी लाडाने भरवलेली चार द्राक्षं ‘खाणं’ म्हणून मोजली जात नाहीत. आणि अंग गरम लागलं म्हणून घरातलीच माणसांची गोळी अर्धी करून दिली होती, हे डॉक्टरांसमोर सांगायला जीभ रेटत नाही. रुग्णाला बोलता येत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने बोलणारा घरचा माणूस हाच मुख्य साक्षीदार ठरतो. पण हा साक्षीदार धास्तावलेला असतो, चिडलेला असतो, मनातून स्वतःला कोसतही असतो. आजाराचं कारण शोधता शोधता तो नकळत दोषी शोधू लागतो. दोषी कधी शेजारी ठरतो, कधी डॉक्टर, कधी खाण्याचं पाकीट, कधी आपण स्वतः. या दोन शोधांची गल्लत झाली की दोन्ही फसतात, असं माझं म्हणणं आहे. ज्या आजाराचा उलगडा होत नाही त्याचं उत्तर एकट्या कुत्र्याजवळ क्वचितच असतं. अनेक कुत्र्यांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या की ते दिसू लागतं. म्हणून घरच्या माणसाच्या तर्कापेक्षा त्याने ठेवलेल्या तारीखवार, प्रामाणिक नोंदीची किंमत जास्त आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात घडू शकणारी गोष्ट घ्या. धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या नाकातून एके दिवशी रक्त येऊ लागतं. हिरड्या पांढुरक्या पडतात, अन्नावरची वासना उडते, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटतात. घरात पहिली शंका येते ती कुणीतरी काहीतरी खायला घातल्याची. सोसायटीत कुत्र्यावरून वाजलेलं असेल तर शंकेला चेहराही मिळतो. पण आपल्याकडे अशा रक्तस्रावामागे अनेकदा गोचीड ताप असतो. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो, पांढऱ्या पेशींमध्ये ठाण मांडतो आणि प्लेटलेट घटवतो. पहिला ताप कधी आपोआप उतरतो. मग कित्येक महिने, क्वचित वर्षानुवर्षं, वरून काहीच दिसत नाही. नाकातून रक्त येतं तेव्हा ती गोचीड केव्हाच गळून गेलेली असते. सुरुवातीच्या दिवसांत रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला, तर एखाद्या मोनोसाइट पेशीत तुतीच्या फळासारखा जांभळा पुंजका दिसू शकतो. आजार जुना झाल्यावर तो सहसा सापडत नाही आणि प्रतिपिंडांची किंवा पीसीआर चाचणी करावी लागते. कारण आणि परिणाम यांच्यात एवढी दरी असेल तर काल काय झालं हे विचारून भागत नाही, गेल्या पावसाळ्यात दोन दिवस ताप आला होता का, हे विचारावं लागतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याचे कुत्रे, विशेषतः जर्मन शेफर्ड, रक्तस्राव होऊन मरू लागले तेव्हा तो आजार नवाच वाटला होता. त्या जंतूचं वर्णन तर 1935 मध्येच अल्जीरियात झालेलं होतं. पुस्तकातल्या वर्णनाची आणि छावणीतल्या मरणाची गाठ पडली ती अनेक कुत्र्यांचं रक्त, लक्षणं आणि शवविच्छेदनं एकत्र तपासल्यावर.

विखुरलेल्या हकिकतींतून उत्तर कसं घडतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण द्राक्षांचं आहे. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या नोंदींवरून ध्यानात आलं. 2001 मध्ये ते पशुवैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कारण मात्र कळेना. कीटकनाशकं, बुरशीचं विष, जड धातू अशा सगळ्या संशयितांची झडती झाली आणि एकही टिकला नाही. त्यात एक कुत्रा मूठभर द्राक्षं पचवून ठणठणीत राही आणि दुसरा थोड्याशा बेदाण्यांनी दगावे. वीस वर्षांनी धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. मुलांना खेळायला घरी मळलेला रंगीत गोळा खाऊन एका कुत्र्याची मूत्रपिंडं अगदी तशीच बिघडली. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. हेच आम्ल द्राक्षांतही असतं आणि जात व पिकलेपणा यांनुसार त्याचं प्रमाण बदलतं. काही कुत्रे का वाचतात, या कोड्याचाही त्यातून बराचसा उलगडा होतो. 2021 मध्ये केंद्रातल्या तज्ज्ञांनी हा तर्क मांडला आणि पुढे त्याच्या जोडीला चिंच खाऊन आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदीही आल्या. नाशिकची द्राक्षं, तासगावचे बेदाणे आणि डब्यातली चिंच या तिन्ही गोष्टी मराठी घरात हाताशी असतात, तेव्हा हे ज्ञान आपल्याला परकं नाही. इथे लक्षात घ्यायचं ते असं, की गोळा खाल्ल्याचं कुणीतरी क्षुल्लक मानलं नाही, कुणीतरी ते लिहून घेतलं आणि आधीच्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. या तिन्हींपैकी एक जरी चुकलं असतं तरी तो कुत्रा आणखी एक न सुटलेलं प्रकरण म्हणून विसरला गेला असता.

घाईचं उत्तर किती फसवं असतं, हे 2007 साली दिसलं. मार्च महिन्यात अमेरिका आणि कॅनडात कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ लागली आणि 16 मार्चला मेनू फूड्स या कॅनडातल्या उत्पादकाने सुमारे 6 कोटी डबे आणि पाकिटं परत मागवली. आठवड्याभरात एका सरकारी प्रयोगशाळेने उंदीर मारण्याच्या औषधाचा अंश सापडल्याचं जाहीर केलं. लोकांना उत्तर मिळालं, रागाला जागा मिळाली. पण दुसऱ्या प्रयोगशाळांच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. पुढच्या आठवड्यात खरा माग लागला तो मेलामाइनचा. प्रथिनांची नेहमीची चाचणी खरं तर नायट्रोजन मोजते. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, म्हणून चीनमधून गव्हाचं ग्लूटेन या नावाने आलेल्या मालात ते मिसळलं गेलं होतं. त्यातही पेच होता, कारण एकटं मेलामाइन फारसं विषारी मानलं जात नव्हतं. सोबत सायन्युरिक आम्ल असलं की दोन्ही मिळून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत स्फटिक धरतात आणि नळ्या तुंबतात, हे नंतर उलगडलं. मग जुनी कपाटं उघडली गेली. 2004 मध्ये आशियात अशाच साथीत कुत्रे दगावले होते आणि तेव्हा दोष बुरशीच्या विषावर गेला होता. त्या साथीतल्या दोन कुत्र्यांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा त्यांतही तेच स्फटिक निघाले. तीन वर्षं चुकीचं उत्तर मान्य होतं. ते दुरुस्त होऊ शकलं, कारण त्या दोन कुत्र्यांच्या शरीराचा अंश कुणीतरी फेकून दिला नव्हता.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय बाजूने येतो. घरच्यांच्या हकिकती म्हणजे पुरावा नव्हे, अमुक दिलं आणि मग आजारी पडला यावरून अमुकामुळेच पडला असं सिद्ध होत नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे दाखलेही आहेत. 2007 पासून अमेरिकेत चिकनच्या सुकवलेल्या पट्ट्या खाऊन कुत्रे आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. 2015 अखेरपर्यंत तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे 6200 हून अधिक कुत्र्यांची आणि 1140 हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. काही कुत्र्यांच्या लघवीत साखर होती, पण रक्तातली साखर नेहमीएवढीच. म्हणजे हा मधुमेह नव्हे, मूत्रपिंडंच साखर अडवू शकत नव्हती. इतका ठळक धागा असूनही नेमकं विष कधीच हाती लागलं नाही. 2018 मध्ये धान्यविरहित खाद्य आणि हृदयाचा आजार यांच्या संबंधाची चौकशी याच प्रशासनाने जाहीर केली, तेव्हा बातमीपाठोपाठ तक्रारींचा पूर आला. 2022 च्या अखेरीस प्रशासनालाच सांगावं लागलं की केवळ तक्रारींच्या संख्येवरून कारण ठरवता येत नाही. पण यातून निघतं एवढंच, की नोंद म्हणजे निकाल नव्हे. निकाल देणं हे प्रयोगशाळेचं आणि आकडेशास्त्राचं काम आहे, मात्र त्यांना तपासायला काहीतरी द्यावं लागतं. आणि तक्रार जितकी निष्कर्षाने भारलेली, तितकी ती तपासाला निरुपयोगी. या खाद्यानेच मारलं, असं लिहिलेल्या तक्रारीपेक्षा पाकिटाचा बॅच क्रमांक, ते उघडल्याची तारीख, उलटी सुरू झाल्याची वेळ आणि त्या आठवड्यात दिलेलं इतर सगळं, एवढं लिहिलेली तक्रार कितीतरी उपयोगी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. कुत्रा तळमळत असताना नाव शोधत बसायचं की उपचार करायचे? चाचण्यांचा खर्च सगळ्यांना पेलत नाही, मग अंदाजाने औषध देऊन पाहायला काय हरकत आहे? अनेकदा काहीच नसते, आणि चांगला डॉक्टर सलाईन आणि आधार देणारे उपचार निदानाची वाट न पाहता सुरू करतोच. पण नाकातून येणारं तेच रक्त पुन्हा पाहा. कारण गोचीड ताप असेल तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे द्यावं लागतं. उंदराचं औषध पोटात गेलं असेल तर रक्त गोठण्याची प्रक्रिया खाल्ल्यानंतर काही दिवसांनी बिघडते आणि तिथे व्हिटॅमिन के-1 लागतं. एकाचं औषध दुसऱ्याला तारत नाही. दोन्हींत फरक करायला दर वेळी महागडी चाचणीच हवी असंही नाही. चार दिवसांपूर्वी जिन्याखाली औषधाच्या वड्या टाकल्या होत्या, हे कुणी सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. खर्चाची अडचण हा उलट नोंदीच्या बाजूचा मुद्दा आहे, कारण ज्याला चाचण्या परवडत नाहीत त्याच्याकडे वहीचं एक पान तरी असू शकतं.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. कुत्रा गेल्यावर त्याची चिरफाड कशाला? तो तर परत येणार नाही. आणि शेवटी कुत्र्याच्याच आजाराची एवढी उठाठेव कशासाठी? या दुसऱ्या प्रश्नाला 2008 ने उत्तर दिलं. पाळीव प्राण्यांच्या खाद्यातली भेसळ उघड झाल्यावर दीड वर्षात चीनमध्ये तेच मेलामाइन बाळांच्या दूधभुकटीत सापडलं. सुमारे 3 लाख मुलं आजारी पडली, 6 बाळं दगावली. कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडांनी दिलेला इशारा माणसांच्या अन्नसाखळीपर्यंत वेळेत पोहोचला नाही. आपल्याकडे तर रेबीजचा प्रश्न घरातच उभा आहे. कुत्र्याचा आवाज बदलतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि घरचे लोक घशात हाड अडकलं समजून तोंडात हात घालतात. असा कुत्रा काही दिवसांत मेला तर मेंदूच्या तपासणीनेच खात्री होते. तिथे हात घालणाऱ्याने लस घेण्यासाठी त्या निकालाची वाट पाहायची नसते, पण आणखी कुणाकुणाला शोधून लस द्यायची आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं काय करायचं, हे त्या निकालावर ठरतं. म्हणून शवविच्छेदनाची परवानगी देणं ही प्रेमाशी प्रतारणा नव्हे. नकार देणाऱ्यालाही दोष देण्याचं कारण नाही, मात्र त्याला हा प्रश्न शांतपणे विचारला गेला पाहिजे. आणि तो कुत्रा जिवंत असतानाच विचारलेला बरा, कारण दुःखाच्या तासाभरात पुरण्याची घाई होते आणि उन्हाळ्यात शरीर तपासण्याजोगं राहत नाही.

हे सगळं मालकाच्याच माथी मारून चालणार नाही. आपल्याकडे बहुतेक खासगी दवाखान्यांत फाइल मालकाच्या हाती देतात. डॉक्टर बदलला की इतिहास पिशवीत राहतो, कुत्रा गेला की फाइल रद्दीत जाते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, राज्यात तशी इतर महाविद्यालयंही आहेत. न उलगडलेल्या आजारांच्या नोंदी ठरावीक नमुन्यात अशा महाविद्यालयांकडे गेल्या आणि तिथे त्या कुणी एकत्र वाचल्या, तर एकाच भागात एकाच पंधरवड्यात तशीच लक्षणं दिसल्याचं ध्यानात येऊ शकेल. त्यासाठी यंत्रांआधी भरवसा लागतो. मी अर्धी गोळी दिली होती, हे सांगणाऱ्याला डॉक्टरने फैलावर घेतलं, तर पुढचा माणूस ती गोळी लपवणार आणि नोंद तिथेच नासणार. शेवटी हिशेब साधा आहे. नोंद ठेवणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या कुत्र्यासाठी काही मिळेलच असं नाही. द्राक्षं खाऊन दगावलेल्या पहिल्या कुत्र्यांच्या घरच्यांना कारण कळलं असतं तरी ते वीस वर्षांनी. पण आज आपल्या कुत्र्यावर जो काही उपचार होतो तो अशाच अनोळखी घरांतल्या नोंदींवर उभा आहे, आणि आपणही तशी नोंद मागे ठेवणं ही त्या उधारीची परतफेड आहे. त्यातून दोषी सापडेल की नाही हे सांगता येत नाही, पुढच्या कुत्र्याच्या डॉक्टरला मात्र शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.